ठेवून घेणारी घरं: सिनॅनॉनपासून वांद्र्यापर्यंत

दारूचे दुष्परिणाम सांगायला मी आलेलो नाही. ते इथे बसलेल्या काही जणींना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत. मला बोलायचंय ते व्यसनी माणसाला ठेवून घेणाऱ्या संस्थांबद्दल. घरचे थकलेले असतात. 'बरा झाला की पाठवा' म्हणतात; खरं तर पाठवूच नका, असं मनात असतं.

चार्ल्स डेडरिक या अमेरिकन माणसानं ते मनातलंच अमलात आणलं. स्वतः 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटामुळे दारूतून सुटलेला. १९५८ साली त्यानं कॅलिफोर्नियात 'सिनॅनॉन' काढली. औषधोपचार नाहीत, हेरॉइन सोडणारेच एकमेकांना सांभाळणार. तिथे 'गेम' चालायचा. गोल करून बसायचं आणि एकेकाला धारेवर धरायचं. आरडाओरडा, शिव्या, सगळं चालेल. हात मात्र उचलायचा नाही. वर्षानुवर्षं थापा मारत आलेल्याचं तिथे काही चालायचं नाही, हे मान्यच करावं लागेल. पुढे डेडरिकनं ठरवलं, की व्यसनी माणूस बाहेर टिकत नाही, तेव्हा त्यानं जन्मभर इथेच राहावं. मग डोकी भादरली, जोडपी मोडली, पुरुषांवर नसबंदीची सक्ती झाली. १९७८ मध्ये संस्थेविरुद्ध लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत रॅटलस्नेक सोडला गेला. साप चावला, वकील वाचला. १९९१ मध्ये संस्था संपली. तिच्याच पद्धतीवरून न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या 'डेटॉप' (१९६३) आणि 'फिनिक्स हाउस' (१९६७) मात्र माणसांना परत बाहेर पाठवत राहिल्या, आणि कित्येक दशकं चालल्या.

आता आपल्याकडे या. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत गर्द, म्हणजे भेसळीचं हेरॉइन, आली. पन्नीवर पूड, खाली पेटती काडी, नळीनं धूर ओढायचा. पोरगं बसलंय कुठे, करतंय काय, हे आईबापांना कळेपर्यंत घरातली भांडी गेलेली असायची. १९८१ साली फादर जो परेरांनी वांद्र्याला, माउंट कार्मेल चर्चच्या आवारात 'कृपा' सुरू केली. तेही दारूतून सावरलेले, शिवाय योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यामुळे 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनं आली. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावर, नाक गळतं, हाडं ठणकतात, झोप उडते. अशा माणसाला 'मन शांत ठेव' सांगून काय उपयोग? अय्यंगार पद्धतीत दोर, लोड, खुर्ची यांचा आधार देतात, तेव्हा मोडकं शरीरही आसनात टिकतं.

पाच वर्षांनी, २९ ऑगस्ट १९८६ला, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिता अवचट, अनिल अवचट, आणि पाठीशी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे. त्यांचं मोठं काम मला 'सहचरी' गटात दिसतं, कारण तिथे रुग्णाच्या बायकोला बोलायला जागा मिळाली. तो आत असताना तिचं काय चाललंय, हे तोवर कोण विचारत होतं? सिनॅनॉननं घर तोडलं. इथे घरालाच उपचारात घेतलं.

तेव्हा कुणाला दाखल करायला निघालात, तर एवढं विचारा. मुदत किती? भेटू देता का? सुट्टी झाल्यावर फॉलोअप कुठे? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात, म्हणून नोंदणीचा कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे. 'सहा महिने तोंड दाखवू नका' असं कुणी सांगितलं, तर पेशंटला घेऊन सरळ परत या.