उतरायची वाट आधी

(पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकमध्ये डोंगरभटक्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. हरिहर किल्ला कोणी कोणी केलाय? हात वर करा. म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच. अंजनेरी? तेच हात, थोडे जास्तच. आता तिसरा प्रश्न. अंजनेरीच्या पठारावर दाट धुकं उतरलंय, दहा पावलांपलीकडे काही दिसत नाही, फोन चालत नाही. खाली उतरायची घळ कुठल्या बाजूला आहे, हे होकायंत्र घेऊन कोण सांगेल? मागे दोन हात दिसतायत. तुम्ही दोघं व्याख्यानानंतर थांबा, मला मदतीला माणसं हवीच आहेत.

नकाशावाचन हा आजचा विषय, त्याकडे मी येतेच. पण आधी डोंगर कसा घडलाय ते पाहू, कारण आपल्याकडचा धोका त्या घडणीतच आहे. सह्याद्री लाव्हाच्या थरावर थर साचून बनला. कठीण थराचा उभा कडा राहतो, मऊ थर झिजून त्याचा पदर, म्हणजे कमी उताराचा टप्पा होतो. कडा, पदर, पुन्हा कडा. धोडप किंवा रामशेज किल्ल्याकडे लांबून बघा, हे थर मोजता येतात. म्हणून चढताना वाट चुकली तर कातळ समोर येतो आणि आपण थांबतो. उतरताना मात्र चुकीची नाळ, म्हणजे अरुंद घळ, पहिली शंभर-दीडशे मीटर अगदी सोयीची वाटते. कारवीच्या झुडपांना धरत, घसरत माणूस खाली जातो आणि एका टप्प्यावर पायाखाली एकदम कडा येतो. तोवर वर चढायची ताकद संपलेली असते.

आणि इथे नकाशाही पूर्ण मदत करत नाही. १:५०,००० च्या नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, साधारण २० मीटर उंचीचं अंतर असतं. पंधरा मीटरचा सरळ कातळटप्पा त्या दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. पंधरा मीटर म्हणजे चार-पाच मजले. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार: आपल्या डोंगरात चढायला शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण उतरायची वाट वर जायच्या आधी कागदावर ओढायला फार थोडे शिकवतात.

जाता जाता एक सांगते. आपल्या भागातल्या बऱ्याच किल्ल्यांच्या वाटा १८१८ नंतर इंग्रजांनी सुरुंग लावून मोडल्या. अलंग-मदनला आज दोर लागतो तो त्यामुळेच. म्हणून एखादी वाट जुन्या वर्णनात आहे, एवढ्यावर ती आजही असेल असं धरू नका.

आता माझी तक्रार. खडकांवर रंगवलेले बाण आणि फोनवर उतरवून घेतलेले ट्रॅक, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या चालण्याची जीपीएसने नोंदलेली रेघ. या दोन गोष्टींनी आपल्या पोरांची मान खाली घातली आहे. डोंगर बघायचा सोडून ती बाण शोधतात. एका दुबेळक्यावर, वाट दोन बाजूंना फुटते तिथे, मी दोन रंगांचे बाण पाहिलेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन गटांनी आपापल्या सोयीने मारलेले, आणि दोघांनाही किल्ल्याचा दगड रंगवताना काही वाटलं नाही.

ट्रॅकचं तर अंजनेरीवरच पाहिलं. जुलै महिना, पठारावर पाऊस आणि धुकं. कॉलेजची सात-आठ मुलं एका जागी गोळा होऊन उभी. पुढारी मुलगा ओल्या टी-शर्टने फोन पुसतोय. बॅटरी होती, उपग्रहाचा सिग्नलही होता. पण काचेवर पाणी असलं की बोटाचा स्पर्श कळत नाही, पडदा नुसता इकडेतिकडे सरकतो. मी विचारलं, "कुठे निघालात?" तो म्हणाला, "ताई, ट्रॅक असाच जातोय." मी फोन कोरड्या पिशवीत घालून पाहिला. तो ट्रॅक कुणीतरी हिवाळ्यात काढलेला. तो माणूस मोकळ्या हवेत कड्याच्या टोकाशी देखावा बघायला गेला होता आणि तिथून परत फिरला होता. जायची रेघ आणि यायची रेघ एकमेकीवर. ही मुलं त्याच रेघेवरून कड्याकडे चालली होती. ट्रॅक म्हणजे एका अनोळखी माणसाचा एका दिवसाचा फेरफटका, त्यात त्याचं रेंगाळणंही आलं.

सगळ्यांना आधी खाली बसवलं. गूळ-शेंगदाणे खाल्ले. घाबरलेल्या माणसाला चालवायचं नाही, हा माझा नियम आहे. मग नकाशा काढला. पठारावर धुक्यातही हमखास सापडणारी खूण कोणती? तळं. एका मुलीने बरोबर सांगितलं. आलो त्या वाटेने उलट फिरून तळ्याचा काठ गाठला, आणि आपण नकाशावर कुठे आहोत हे पक्कं झालं. तिथून घळीच्या तोंडाचं बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन, घेतलं. धुक्यात बेअरिंगवर चालायची रीत अशी: एक जण पुढे दिसेल तेवढंच जातो, मागचा होकायंत्रावर बघून त्याला डावीकडे-उजवीकडे सरकवतो, मग सगळे त्याच्यापर्यंत जातात. पुन्हा तेच. सोबत पावलं मोजायची. एकाच पायाची पावलं मोजली तर सपाटीवर शंभर मीटरला साधारण साठ ते पासष्ट होतात, तुमची तुम्ही मोजून ठेवा. वेळ लागला, पण घळीतल्या पायऱ्या सापडल्या. आणि शेवटचे तीन टप्पे त्या मुलीनेच होकायंत्र धरलं होतं! अर्ध्या तासात शिकली. म्हणून, हे अवघड आहे असं मला कोणी सांगू नये.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं राहिलीत. तेव्हा मुख्य विषय भराभर सांगते, लिहून घ्या.

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा घ्या. त्यांच्या संकेतस्थळावर १:५०,००० चे नकाशे नागरिकांना मोफत मिळतात. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. रेषा जवळजवळ आल्या की उभा चढ, लांब गेल्या की पदर. रेषांचं टोक उताराकडे असेल तर सोंड, म्हणजे डोंगराची बाहेर आलेली धार, चढाकडे असेल तर घळ. परदेशी पुस्तकात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतल्या फरकाचं गणित असतं. नाशिकला तो एक अंशाच्या आत आहे, पायी चालताना सोडून द्या.

वेळेचा अंदाज. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने दिलेला ठोकताळा आजही चालतो: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर तीनशे मीटर चढाला अर्धा तास जादा. सहा किलोमीटर आणि सहाशे मीटर चढ, म्हणजे सव्वादोन तास. यात विश्रांती नाही, फोटो नाहीत. पावसात आणि मोठ्या गटात मी दुप्पट धरते. त्यावरून परत फिरायची वेळ घरीच ठरवायची. ती वेळ झाली की माथा समोर दिसत असला तरी फिरायचं.

धोके. ओढा गुडघ्यापर्यंत आणि गढूळ असेल तर ओलांडू नका, पाऊस थांबल्यावर बरेचदा काही तासांत उतरतो. मे आणि ऑक्टोबरात दुपारनंतर विजा असतात, तेव्हा माथा आणि धार सोडा. भिजलेले सुती कपडे वाऱ्यात जुलैमध्येही माणसाला गारठवतात, कोरडा जोड पिशवीत बांधून ठेवा. आग्या मोहोळाखाली धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं. फोनला तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून लागू शकतो. आणि पायथ्याच्या गावात कुठे चाललोय, किती वाजता परतू, हे सांगितल्याशिवाय वर चढू नका.

सराव मोठ्या किल्ल्यावर नको. नाशिकजवळच्या चामर लेणीच्या डोंगरावर चढा, रामशेजकडे एक बेअरिंग घ्या. दुसरी खूण तिच्याशी साधारण काटकोनात येईल अशी निवडा. दोन्ही रेघा नकाशावर ओढा आणि त्या जिथे छेदतात तिथे आपण खरंच उभे आहोत का, ते तपासा. मी येत्या रविवारी सकाळी सहाला पायथ्याशी आहे. होकायंत्रं काही माझ्याकडे आहेत. नकाशा, पेन्सिल आणि पट्टी तुम्ही आणा. ते मागचे दोन हात, तुम्ही थांबताय ना?