बूट आज, गाठ सवडीनं

(कोल्हापुरात पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

रिक्षावाले मामा खाली हॉर्न देतायत आणि आठ वर्षांचं पोर उंबऱ्यात बसून लेसशी झगडतंय, ही सकाळ इथल्या बऱ्याच घरांतली आहे. शेवटी आईच वाकून गाठ मारते. पण शाळेत लेस सुटली की मूल ती बुटात कोंबतं, नाहीतर खेळायलाच उतरत नाही. त्याचं खेळणं थांबतं, याची मला जास्त काळजी वाटते.

बहुतेक मुलं पाच ते सात वर्षांच्या दरम्यान लेस बांधायला शिकतात. या कामात दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळं काही करतात, चिमटीत जोर लागतो आणि पुढची पायरी डोक्यात ठेवावी लागते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं), डिस्प्रॅक्सिया (हालचाली जुळवून करणं अवघड जाणं) किंवा बोटांत ताकद कमी असलेल्या मुलाला ते फार जड जातं. अशा मुलाला आळशी म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

बूट घालणं आणि गाठ शिकणं ही दोन कामं वेगळी करा. पहिलं आजच सुटू शकतं.

सगळ्यात सोपा उपाय वेल्क्रोचा. 1941 मध्ये जॉर्ज द मेस्ट्राल या स्विस इंजिनिअरनं कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली काटेरी बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यातल्या बारीक आकड्यांवरून ही पट्टी जन्मली. घेताना पट्टी कडीतून ओवून मागे वळवायची आहे का बघा. अशी पट्टी ओढली की बूट आवळला जातो. नुसती वरून दाबायची पट्टी तितकी घट्ट बसत नाही. बोटं कमजोर असतील तर टोकाला फितीचा छोटा फास शिवून घ्या, म्हणजे त्यात बोट घालून ओढता येतं. आकड्यांत धागे अडकले की पकड जाते. जुन्या टूथब्रशनं ते काढा. आपल्याकडे तर चामड्याची शिलाई जाणणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांच्या कसबावर. शाळेचे लेसचे बूट घेऊन त्यांच्याकडे जा आणि वेल्क्रो लावून मागा.

शाळेला लेसच दिसायला हवी असेल तर इलॅस्टिकची लेस ओवा. पायाच्या मापानं एकदा ताण बसवायचा, टोकं आत बांधून टाकायची. पुढे मूल नुसता पाय सरकवतं. जॅकेटच्या दोरीला असतं तसं स्प्रिंगचं बटणही चालतं. मात्र पायाला स्प्लिंट, म्हणजे आधाराचा कडक साचा, असेल तर इलॅस्टिक पुरत नाही, कारण बूट बोटांपर्यंत उघडावा लागतो. तिथं लांब वेल्क्रो किंवा चेन हवी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मॅथ्यू वॉल्झर या अमेरिकन मुलानं 2012 मध्ये नायकीला खुलं पत्र लिहून स्वतःच्या हातानं बंद करता येईल असा बूट मागितला आणि 2015 मध्ये टाचेभोवती चेन असलेला बूट बाजारात आला. सैल, नुसते पायात सरकवायचे बूट मात्र पळायला देऊ नका; ते सुटू नयेत म्हणून मूल बोटं आकसून चालतं.

आता गाठ. ती सुट्टीच्या दिवशी, घाई नसताना शिकवा. बूट पायात नको, आधी टेबलावर घ्या. दोन रंगांच्या, चपट्या सुती लेस वापरा. गोल नायलॉनच्या लेस निसटतात. आणि शेवटून सुरुवात करा: सगळं तुम्ही बांधा, शेवटचं फुलाचे कान ओढणं मुलानं करावं. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे द्या. प्रत्येक वेळी काम त्याच्याच हातून पुरं होतं, म्हणून ते कंटाळत नाही. मूल डावखुरं आणि तुम्ही उजवे असाल तर समोरासमोर बसा.

गाठ बांधूनही सारखी सुटत असेल तर फूल कसं बसलंय पाहा. ते बुटावर आडवं न राहता बोटांकडून टाचेकडे वळत असेल तर दोन्ही गाठी एकाच दिशेनं पडल्यात. पहिला पीळ उलटा घ्या, बाकी सगळं तसंच ठेवा.

शिक्षकांनो, गणवेशातल्या बुटाचा रंग पाळला जातोय ना, मग तो कसा बंद होतो यावर अडून बसू नका. दिव्यांग मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणं ही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं शाळांवर टाकलेली जबाबदारी आहे. पालकांनी डायरीत दोन ओळी लिहाव्यात आणि पीटीच्या सरांनाही सांगावं, कारण शनिवारचे पांढरे बूटही लेसचेच असतात.