ख्लोरोस: मृत्यूच्या घोड्याचा रंग आणि १८०० ही बेरीज

श्रोतेहो, नमस्कार.

बायबलमधलं शेवटचं पुस्तक म्हणजे प्रकटीकरण. त्याच्या सहाव्या अध्यायात एकामागून एक चार घोडे येतात. पहिला पांढरा, दुसरा लाल, तिसरा काळा. चौथ्याच्या रंगाला मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ख्लोरोस, आणि त्याच्या स्वाराचं नाव आहे मृत्यू. हा रंग नेमका कोणता, यावर भाषांतरकारांचं आजही एकमत नाही. कुणी फिकट म्हणतं, कुणी हिरवट, कुणी राखेसारखा. शिवाय ग्रीकमध्ये अक्षरंच अंक म्हणूनही वापरत, आणि त्या हिशेबानं या शब्दातल्या अक्षरांची बेरीज १८०० भरते, म्हणून त्यात काहीतरी गूढ दडलंय असं सांगणारेही भेटतात. आज रंग आणि बेरीज, दोन्ही तपासून पाहू.

आधी रंग. प्राचीन ग्रीक कवी होमर याच्या काव्यात मध ख्लोरोस आहे. त्याच्याच ओडिसी या महाकाव्यात एकाक्ष राक्षसाच्या गुहेत ऑलिव्हच्या लाकडाचा एक सोटा पडलेला असतो. वाळला की हातात धरायचा म्हणून त्यानं तो तोडून ठेवलाय. आत्ता तो ख्लोरोस आहे. अथेन्सच्या बाजारात ताज्या चीजला ख्लोरोस म्हणत, आणि ते विकायची जागाही त्याच नावानं ओळखली जाई. अथेन्सचा वक्ता लिसियास याच्या एका भाषणात सांगितलंय की प्लॅटिया या ग्रीक शहरातून आलेले लोक महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिथे जमत. युरिपिडीसच्या नाटकात तर रक्त ख्लोरोस आहे. गवतही ख्लोरोसच.

आता हे सगळं शेजारी शेजारी ठेवा. गवत हिरवं, मध सोनेरी, चीज पांढरं, रक्त लाल. एका रंगाच्या डबीत हे मावायचं नाही. पण आपण मराठीत ओली हळद, ओले काजू, ओला नारळ, ओली जखम म्हणतो, तेव्हा आपल्याला रंग सांगायचा नसतो. आतला रस अजून सुकलेला नाही, एवढंच सांगायचं असतं. ख्लोरोसचा एक पाय तिथे आहे. दुसरा पाय रंगातच आहे, पिवळा आणि हिरवा यांच्या सीमेवर. भाषाशास्त्रज्ञ संस्कृतातल्या ‘हरि’ शब्दाशी त्याचं मूळ जोडतात. हरि म्हणजेही पिवळसर किंवा हिरवट. हरितही त्याच घरातला.

मग मृत्यूचा घोडा असा रसरशीत कसा? इथे माणसाचा चेहरा आठवायला हवा. होमर भीतीलाही ख्लोरोस म्हणतो, कारण घाबरलेल्या माणसाच्या तोंडावरचं रक्त उतरतं. ग्रीक कवयित्री सॅफो एका कवितेत म्हणते की आपण गवताहून ख्लोरोस झालो आहोत, मरणाला थोडंच अंतर उरलंय. हिपोक्रेटीसच्या नावावरच्या वैद्यकीय लेखनात मरणासन्न माणसाच्या चेहऱ्याचं प्रसिद्ध वर्णन आहे: नाक टोकदार, डोळे खोल गेलेले, कानशिलं बसलेली, आणि सगळ्या चेहऱ्याचा रंग ख्लोरोस किंवा काळा. इतिहासकार थुसिडिडीसही इसवी सनपूर्व ४३० मधल्या अथेन्सच्या साथीचं वर्णन करताना मुद्दाम नोंदवतो की रोग्याचं अंग ख्लोरोस नव्हतं, तांबूस होतं. म्हणजे आजाऱ्याचा हा रंग वाचकाच्या ओळखीचा होता. म्हणूनच मृत्यूच्या घोड्याला तो शोभतो. मात्र प्रकटीकरणाच्याच आठव्या अध्यायात हिरवं गवत जळतं, आणि तिथेही शब्द ख्लोरोसच आहे.

आता बेरीज. कागद-पेन्सिल हाताशी घ्या. ग्रीकांकडे अंकांसाठी वेगळी चिन्हं नव्हती असं नाही, पण सर्रास चालायची ती अक्षरंच. चोवीस अक्षरं, आणि त्यांत वापरातून गेलेली तीन जुनी चिन्हं धरून एकूण २७. पहिली नऊ एकम, पुढची नऊ दशक, त्यापुढची नऊ शतक. आता ख्लोरोस लिहा: खी ६००, लँब्डा ३०, ओमेगा ८००, ऱ्हो १००, ओमिक्रॉन ७०, सिग्मा २००. बेरीज १८००.

चुका होतात त्या ठरावीक ठिकाणी. पहिली, ती तीन जुनी चिन्हं विसरून अक्षरांना सरळ १ ते २४ क्रमांक देणं. मग उत्तर येतं १०७, आणि त्याचा प्राचीन पद्धतीशी काही संबंध उरत नाही. दुसरी, दोन ‘ओ’ एकच समजणं. पहिला ओ दीर्घ, म्हणजे ओमेगा. तिथे ओमिक्रॉन घातला की ७३० कमी होऊन १०७० उरतात. तिसरी चूक शब्दाच्या रूपाची: लिंग किंवा विभक्ती बदलली की बेरीजही बदलते. नपुंसकलिंगी रूपाची बेरीज १६५०, स्त्रीलिंगी रूपाची १५३१, षष्ठीच्या रूपाची बरोबर २०००. बायबलमधल्याच मार्काच्या शुभवर्तमानात लोक हिरव्या गवतावर बसतात तिथलं रूप २३३० भरतं, आणि शेवटचा मुका आयोटा धरला तर २३४०. गवत मात्र तेच. संख्या मोजते ती शब्दाचं लेखन; अर्थ तिच्या हाताला लागत नाही.

बेरजेचे अंक पुन्हा मिळवून एकच आकडा काढायची आपल्या ओळखीची रीतही नवी नाही. तिसऱ्या शतकातल्या हिप्पोलिटस या ख्रिस्ती लेखकानं अशा पद्धतीचं वर्णन करून तिच्यावर टीका केली आहे. करून पाहा: ख्लोरोसचे ९. पांढऱ्यासाठीच्या लेउकोसचे ७२५, म्हणजे ५. लालसाठीच्या पिर्रोसचे ९५०, म्हणजे पुन्हा ५. दोन घोडे, दोन वेगळी कामं, आणि आकडा एकच.

तरीही प्राचीन लोक हा खेळ मनापासून खेळत. पाँपेई या प्राचीन रोमन शहरातल्या भिंतीवर कुणीतरी लिहिलंय, ‘जिचा अंक ५४५ तिच्यावर माझं प्रेम आहे.’ जिला कळायचं तिला कळलं असेल. रोमन चरित्रकार सुएटोनियस रोममधली एक टवाळीची ओळ देतो: सम्राट नीरोचं नाव, आणि ‘स्वतःच्या आईला मारलं’ हे वाक्य. ग्रीकमध्ये नीरोचे १००५, आणि वाक्याचे ७५ अधिक ४५४ अधिक ४७६, म्हणजे १००५च. इथे बेरीज बोलते, कारण तुलना लिहिणाऱ्यानंच केली आहे.

ख्लोरोसच्या बाबतीत एक मोह मात्र मोठा आहे. १८०० हा आकडा ग्रीक पद्धतीनं लिहायचा तर हजारासाठी खाली रेघ दिलेला आल्फा आणि पुढे ओमेगा. आल्फा आणि ओमेगा! प्रकटीकरणात देव स्वतःला हेच म्हणवतो. पण खालच्या रेघेनं तो आल्फा १००० झालेला आहे, आणि तिथल्या आल्फा-ओमेगाची बेरीज १ अधिक ८००, म्हणजे ८०१. ग्रीकमध्ये कबुतराला पेरिस्तेरा म्हणतात, त्याचेही ८०१. ही जुळणी मार्कस नावाचा एक पंथप्रमुख सांगत असे, असं दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक इरेनेउस नोंदवतो. प्रकटीकरणाच्या लेखकाला आकडा मोजून हवा असला की तो उघड सांगतो. तेराव्या अध्यायात श्वापदाबद्दल त्यानं म्हटलं आहे की ज्याला बुद्धी आहे त्यानं अंक मोजावा, आणि लगेच ६६६ दिलाय; काही जुन्या प्रतींत ६१६ आहे. सहाव्या अध्यायात असं आमंत्रण कुठेच नाही. तिथे घोडा येतो, त्याचा रंग सांगितला जातो, आणि मागून पाताळ चालत येतं.