पेटीत हुकूम कोणाचा?

(दृश्य : सकाळ. साक्री तालुका, पांझरेकाठचं कांदा-बियाण्याचं शेत.)

फेब्रुवारी सरत आलाय. उंच दांड्यांवर कांद्याचे पांढरे गोंडे डोलतायत आणि बांधावर, बाभळीच्या सावलीत, बारा मधपेट्या मांडल्यात. पेटीवाला धुराडं दोनदा दाबतो, झाकण उचलतो आणि आमचा कॅमेरा मागे सरकलेला पाहून हसतो. "घाबरू नका भाऊ, काहीच नही करस ती."

त्यानं उन्हात धरलेली चौकट जवळून बघा. ही माशी मागच्या पायांवर परागाच्या दोन पिवळ्या गोळ्या घेऊन आलीये. तिच्या शेजारची मात्र पाय रिकामे ठेवून, पोटात मकरंद भरून परतलीये. शेत एकच, पेटी एकच.

शेतमालकाला मधाशी घेणं-देणं नाही, त्याला बी हवंय. कांद्याच्या फुलात पराग आधी मोकळा होतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणजे एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर कुणीतरी नेऊन ठेवलाच पाहिजे. म्हणून तर भाड्यानं पेट्या आणल्यात. आता तो वैतागून विचारतो : काही पेट्या पराग ओढतात, काही नुसता मकरंद. यांना कामं वाटून देतं कोण? राणी?

राणी कसली! ती अंडी घालते. हुकूम बिकूम काही देत नाही.

या एका प्रश्नावर एका माणसाची अख्खी कारकीर्द गेली. रॉबर्ट पेज. जन्म 1949, कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा. डेव्हिसच्या विद्यापीठातून 1980 मध्ये कीटकशास्त्रात पीएच.डी. तिथंच हॅरी लेडलॉ भेटले. निवृत्त झालेले, पण काम न सुटलेले. राणीमाशीचं कृत्रिम रेतन हा त्यांचा हातखंडा. हे तंत्र इथं फार मोलाचं, कारण राणीचा संसार आकाशात मांडला जातो. उडता उडता ती दहा-वीस नरांशी मिलन करते आणि ते वीर्य आयुष्यभर साठवून ठेवते. त्यामुळे पेटीतल्या कामकरी माश्यांची आई एकच असते, बाप मात्र अनेक.

पेज यांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. 1988 मध्ये जीन रॉबिन्सन यांच्यासोबत त्यांनी दोन कामं निवडली. एक दारावरचा पहारा. दुसरं, मेलेल्या माशीला ओढत बाहेर नेऊन टाकणं. आपल्या भाषेत, खांदेकरी. त्यांनी या माश्यांचे बाप शोधले, तेव्हा दिसलं की काही बापांच्या लेकी पहाऱ्यावर जास्त सापडतात, काहींच्या खांदा द्यायला. वयाप्रमाणे काम बदलतं हे माहीत होतंच, पण रक्ताचाही त्यात वाटा निघाला.

मग सुरू झाला खरा लांब पल्ल्याचा प्रयोग. सहकारी किम फाँड्रक यांच्याबरोबर त्यांनी दोन वाण तयार केले. जास्त पराग साठवणाऱ्या वसाहतींचा एक, कमी साठवणाऱ्यांचा दुसरा. आपले शेतकरी बियाण्यासाठी कणसं निवडून ठेवतात तसंच, पिढ्यान्‌पिढ्या. काही पिढ्यांतच दोन्ही वाणांत जमीन-अस्मानाचा फरक पडला.

(दृश्य : नळीत बसवलेली माशी, फक्त डोकं बाहेर.)

फरक कशात? परीक्षा अगदी साधी. माशीच्या मिशीला साखरपाण्याचा थेंब लावायचा. गोड लागलं की ती सोंड बाहेर काढते. आधी नुसतं पाणी, मग हळूहळू साखर वाढवायची. परागवाल्या वाणाच्या माश्या अगदी पानचट पाण्यालाही सोंड काढायच्या. मकरंदवाल्या, म्हणजे पराग कमी साठवणाऱ्या, वाणाच्या नखरेल : गोडी वाढल्याशिवाय सोंड हलायची नाही. आठवडाभराच्या माशीची ही परीक्षा घेतली, तर पुढे ती रानातून काय आणेल याचा अंदाज बांधता येतो. म्हणजे कोणी कामं वाटत नाही. जिची जीभ जेवढ्यावर राजी होते, त्यावर तिचं काम ठरत जातं. मला तरी हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

आणखी एक गोष्ट पेटीवाल्यांच्या कामाची. 2003 मध्ये मार्टिन बाये, पेज आणि सहकाऱ्यांनी माशीचं लिंग ठरवणारा जनुक शोधला. आपल्याकडे सोयरीक जुळवताना देवक पाहतात ना, तसाच प्रकार. फळलेल्या अंड्यात या जनुकाची दोन वेगळी रूपं आली तर मादी होते. दोन्ही सारखीच आली तर नर. आणि असल्या नराची अळी कामकरी माश्या खाऊन टाकतात. साधे नर न फळलेल्या अंड्यातून येतात, त्यांना कुणी हात लावत नाही. घरच्याच दोन-चार पेट्यांतून वर्षानुवर्षं राण्या काढल्या, तर सारखी रूपं वारंवार जुळतात आणि पिलावा, म्हणजे चौकटीतल्या अंडी-अळ्यांचा भाग, भोकाभोकांचा दिसू लागतो. त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

2004 मध्ये पेज अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात गेले. तिथं पुढे कारभाराची मोठी पदंही सांभाळली, पण ते सांगायला आपण पांझरेकाठी आलो नाही.

(दृश्य : संध्याकाळ. झाकणं बंद होतायत.)

पेटीवाल्यानं खिशातून खडू काढला. बारापैकी तीन झाकणांवर फुल्या मारल्या. "ह्या तीनही पेट्या परागना," तो म्हणाला, "पुढल्या राण्या यातूनच काढसू. पण नर बाहेरना लागतीन." आणि फोन लावून चोपड्याकडच्या एका मित्राला विचारू लागला, तुझ्याकडच्या पेट्या कुठल्या वाणाच्या.