पश्चात असा परिवार आहे

मित्रहो,

मी ३० वर्षं नाशिकच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. रात्रपाळीला निधनवार्ता माझ्याच टेबलावर यायच्या. वहीच्या फाडलेल्या पानावर, कधी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मजकूर असायचा. साचा ठरलेला. 'वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' माणूस मोठा असला, तर 'कधीही भरून न येणारी पोकळी'. गेलेल्या माणसानं आयुष्यभर केलं काय, हे बहुधा त्यात नसायचं, आणि मीही विचारलं नाही. त्याची खंत अजून जात नाही.

१९९०च्या सुमारास पंचवटीतल्या एका म्हाताऱ्या बाईंची वार्ता आली. 'अमुक यांच्या मातोश्री' एवढीच ओळख. मी चार ओळी करून ती सोडली. घर ओळखीचं, म्हणून दहाव्याला रामकुंडावर गेलो. पिंड ठेवले होते, कावळा शिवत नव्हता, सगळे ताटकळले होते. शेजारी उभी असलेली एक बाई हळूच म्हणाली, "माझी तिन्ही बाळंतपणं मावशींच्या हातची." पलीकडचा रिक्षावाला म्हणाला, "मीबी त्यांच्याच हातचा." मग एकेक जण बोलायला लागला. १९६९ला गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा अडलेल्या बाईसाठी मावशी गुडघाभर पाण्यातून गेल्या होत्या. नाळ बांधायचा दोरा त्या घरून उकळून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून न्यायच्या. पैशाचं विचारलं तर म्हणायच्या, "बारशाला बोलवा." त्या घाटावर उभी असलेली निम्मी माणसं त्यांनी जगात आणली होती, आणि माझ्या चार ओळींत 'सुईण' हा शब्दसुद्धा नव्हता.

मी त्याच रात्री नव्यानं लिहिलं. 'ही वार्ता एकदा येऊन गेली आहे' म्हणून तो कागद परत आला.

आपलं गाव तर मेलेल्यांची नोंद ठेवणारं गाव आहे. तीर्थपुरोहितांकडे जा, आडनाव आणि मूळ गाव सांगा, नामावळीत तुमच्या पणजोबांचं नाव निघेल. मला त्या वह्यांचा फार आदर वाटतो. पण तिथं घराणं कळतं, माणूस कळत नाही. ते लिहिणं आपलं काम होतं.

मोठ्यांचंही फार वेगळं नाही. दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ला याच नाशकात गेले, हलाखीत गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९चा. मधल्या २५ वर्षांत, त्यांनी चित्रपटाचा कारखाना नाशकात आणला तेव्हा त्यांच्यासोबत राबलेली किती माणसं गेली असतील! त्यांच्या आठवणी वेळेवर कुणी विचारल्या असत्या, तर केवढा ठेवा हाती लागला असता. तात्यासाहेब शिरवाडकर १० मार्च १९९९ला गेले, पण आपण पाळतो ती २७ फेब्रुवारी, त्यांची जन्मतारीख. त्यांचं लिहिलेलं आपल्या हातात आहे, म्हणून हे जमतं. ज्यांनी काही लिहिलं नाही, त्यांचं काय? कालव्याचं पाटकरीपण केलेला, येवल्याच्या मागावर जन्म काढलेला, वाचनालयाची पुस्तकं शिवणारा, यांचं काम दुसऱ्यानंच सांगावं लागतं.

आता दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं होतात. पुढारी येतात, दुसऱ्या घाटावर जायचं असतं, नाव चिठ्ठीवर बघून बोलतात. माझी कळकळीची विनंती आहे, त्या माईकवर शेजाऱ्याला उभं करा. सोबत काम केलेल्याला, हाताखाली शिकलेल्याला उभं करा आणि कुणीतरी ते लिहून घ्या. घरात म्हातारं माणूस असेल, तर आजच रात्री जेवताना विचारा, "तुम्ही कामावर पहिल्या दिवशी काय केलंत?" बायकांना तर आवर्जून विचारा. 'मातोश्री' आणि 'धर्मपत्नी' या दोन शब्दांखाली मी स्वतः किती जणींचं काम पुरलं, त्याची मोजदाद नाही.

तो परत आलेला कागद मी जपून ठेवलाय, आज बरोबर आणलाय. तेव्हा छापून आला नाही, म्हणून आता तुमच्यासमोर वाचतो. पहिली ओळ अशी आहे : 'पंचवटीतल्या सुईण मावशी गेल्या.'