मजुरीचा रकाना

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मी एका बचत गटाच्या खोलीत बसले होते. ज्वारीचे पापड करणाऱ्या बाया. उन्हाळाभर राबून केलेला माल पत्र्याच्या डब्यांत भरलेला, आणि समोर हिशेबाची वही. पाकिटामागे खर्च 31 रुपये लिहिला होता. ज्वारी, तीळ, जिरं, मीठ, जळण, पिशवी. दुकानदाराला ते पाकीट 36 रुपयांना जायचं. पाच रुपये सुटतात म्हणून सगळ्या खूश होत्या.

गटाला मदत करणाऱ्या साधन केंद्रातून एक ताई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "यात तुमची मजुरी कुठं आहे?" "आमची कसली मजुरी? घरचंच तर काम," एकीनं उत्तर दिलं. ताई काही बोलल्या नाहीत, वही ओढून त्यांनी मांडून दाखवलं. दोघी मिळून दिवसाला वीस पाकिटं करतात, म्हणजे सुटले शंभर. वाट्याला पन्नास पन्नास. त्या हंगामात खुरपणीला गेलं असतं तरी याहून बरा रोज पडला असता. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

श्रोतेहो, सामाजिक उद्योग म्हणजे काय, हे मला त्या वहीत दिसलं. ज्या उद्योगाच्या नफ्यावर राबणाऱ्यांचा हक्क असतो आणि ज्याच्या चालण्यानं गावाचा किंवा शहराचा एखादा प्रश्न हलका होतो, तो सामाजिक उद्योग. असे उद्योग बुडतात तेव्हा आपण लगेच म्हणतो, पैसा कमी पडला. पैसा कमी पडतोच. पण मी जवळून पाहिलेले बहुतेक गट बुडाले ते असा प्रश्न विचारणारं माणूस वेळेवर न आल्यामुळे. प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्राचा फोटो निघाला आणि सहा महिन्यांनी माल परत आला तेव्हा फोन उचलायला कुणी नव्हतं.

पुण्याचं उदाहरण घ्या. घरोघर कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था 2008 मध्ये महापालिकेशी करार करून उभी राहिली. पण तिची मुळं 1993 मधली. त्या वर्षी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना झाली. डॉ. बाबा आढावांचा त्यात पुढाकार होता. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या आधीपासून कचराकुंड्यांपाशी जाऊन या बायांशी बोलत होत्या. मग ओळखपत्रं आली. "चोर नाही, कामगार आहे" हे पोलिसाला दाखवायला हातात काहीतरी आलं. पतसंस्था झाली, पालिकेनं आरोग्य विम्याचा हप्ता भरला. संघटना, विद्यापीठ, पतपेढी, पालिका असं एकेक टेकू लागत गेलं आणि पंधरा वर्षांनी उद्योग उभा राहिला. आज कुणी येऊन म्हणतं, "आम्हाला वर्षभरात असंच मॉडेल करून द्या," तेव्हा मला ही पंधरा वर्षं आठवतात.

साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड तुम्हाला दुष्काळामुळे माहीत असेल. तिथं चेतना गाला सिन्हा यांच्याबरोबर गावातल्या बायांनी स्वतःची बँक काढायची ठरवली. रिझर्व्ह बँकेनं अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तकांपैकी कित्येकींनी सहीच्या जागी अंगठा उठवला होता. बाया खचल्या नाहीत, अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या. चेतनाताई सांगतात की या बाया तिथं म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून परवाना नाकारलात, पण हिशेब येतो. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. बँकेत यायचं तर रोज बुडतो, म्हणून बँकेची माणसं बायांच्या दारी आणि बाजारात जाऊ लागली. कर्ज घेतलं तरी धंदा कसा करायचा हे कळत नाही, म्हणून उद्योगिनींची शाळा निघाली. ज्या गावांतून शाळेपर्यंत येता येत नाही तिथं ती शाळा बसमधून गेली. आणि रेडिओवरून बोलताना मला आपली म्हणून विशेष सांगाविशी वाटते अशी गोष्ट, त्यांचं स्वतःचं सामुदायिक रेडिओ केंद्रही आहे. एक अडचण सुटली की तिच्या मागची दिसते, आणि तिथंही हात पुढे करावा लागतो.

'लिज्जत' पापडाची सुरुवातही अशीच. मुंबईत गिरगावात 1959 मध्ये सात जणींनी गच्चीवर पापड लाटायला घेतले. भांडवल होतं 80 रुपये, तेही उसने. छगनलाल पारेख, म्हणजे छगनबापा, यांनी ते दिले आणि हिशेब चोख ठेवायला लावला. ती शिस्त लिज्जतनं पुढं सोडली नाही.

आता तरुणांसाठी बरीच दारं उघडली आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक उद्योजकतेचा अभ्यासक्रम आहे, चेन्नईची विलग्रो किंवा मुंबईची अनलिमिटेड इंडिया यांसारख्या संस्था नव्या उद्योगांना सुरुवातीची रक्कम आणि अनुभवी मार्गदर्शक देतात. मात्र आपल्याकडे सामाजिक उद्योगासाठी वेगळा कायदा नाही. न्यास, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी की कलम 8 ची, म्हणजे नफा वाटून न घेणारी कंपनी, हे आधी ठरवावं लागतं. इथं घाई करू नका. नोंदणी चुकली की पुढं कर्ज अडतं, देणगी अडते, आणि बदलायला वर्षं जातात.

गावातल्या बहिणींनी मात्र लांब जायची गरज नाही. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातले बचत गटांचे संघ, म्हणजे ग्रामसंघ आणि प्रभाग संघ, किंवा 'माविम'चं, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचं लोकसंचालित साधन केंद्र तुमच्या जवळपास असेल. अन्नसुरक्षेची नोंदणी, लेबलवर काय छापायचं, बँकेचं प्रकरण कसं करायचं, हे तिथल्या ताईंना विचारा. एकदा जाऊन काम झालं नाही तर पुन्हा जा.

त्या पापडवाल्या गटानं त्याच दिवशी वहीत एक रकाना वाढवला. दुकानदारानं वाढीव भाव द्यायला नकार दिला. मग साधन केंद्राच्या ताईंनी एका वसतिगृहाच्या खानावळीशी गाठ घालून दिली, आणि आता निम्मा माल थेट तिकडे जातो. तुम्ही मदत मागायला जाल तेव्हा वही बरोबर न्या, आणि निघण्याआधी तिच्यात मजुरीचा रकाना भरा.

नमस्कार.