चार वर्षांचा संघ

न्यूयॉर्क राज्यातील इथाका गावात, कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात, लायना रिंक नावाची एक बसकी इमारत आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ती मोठे गोदाम वाटावी इतकी साधी आहे. आत चार हजारांहून थोडी अधिक माणसे मावतात आणि त्यांची बसण्याची सोय मुख्यतः लांबच लांब बाकांवर केलेली आहे. हिवाळ्यातील बहुतेक शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी मी त्यांपैकी एका बाकावर असतो. मी तरुण होतो तेव्हा विद्यार्थ्यांच्या बाजूला उभा राहत असे. आता समोरच्या बाजूला, गावकऱ्यांमध्ये बसतो. या दोन बाजूंमधील अंतर बर्फाच्या रुंदीएवढे, म्हणजे ८५ फूट आहे, आणि ते पार करायला मला माझे बहुतेक आयुष्य लागले.

येथे हॉकी म्हणजे बर्फावरची हॉकी. प्रत्येक बाजूचे पाच स्केटर आणि एक गोलरक्षक, रबराची काळी चकती, जिला पक म्हणतात, आणि वीस मिनिटांची तीन सत्रे, एवढे ठाऊक असले की हा खेळ पाहता येतो. व्यावसायिक हॉकीहून महाविद्यालयीन हॉकी वेगळी दिसते, कारण येथे प्रत्येक खेळाडूच्या शिरस्त्राणाला पूर्ण चेहरा झाकणारी जाळी असते. शिवाय मारामारी करणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढले जाते आणि पुढच्या सामन्यालाही मुकावे लागते. त्यामुळे नवखा प्रेक्षक खेळाडूंना चेहऱ्यावरून ओळखूच शकत नाही. तो त्यांना पाठीवरच्या क्रमांकावरून ओळखतो. जुना प्रेक्षक त्यांना स्केटिंगच्या धाटणीवरून ओळखतो, आणि या ओळखीला एक हंगाम तरी जावा लागतो.

मी स्वतः गोलरक्षकाकडे पाहतो. सत्र सुरू होण्याआधी तो गोलपुढच्या निळ्या अर्धवर्तुळात येतो आणि स्केटच्या पात्यांनी आडवे घासत तो संपूर्ण तुकडा खरवडून काढतो, कारण नुकताच पाणी मारून गुळगुळीत केलेला बर्फ त्याच्या कामाचा नसतो. त्याला पाय रोवून थांबता आले पाहिजे. पात्यांखालून पांढरा भुगा उडतो, तो भुगा गोलखांबांच्या बुडाशी साचतो, आणि मग स्टिकने आधी एक खांब, नंतर दुसरा खांब ठोकून तो आपण नेमके कोठे उभे आहोत याची खात्री करून घेतो. काही गोलरक्षक हे काम घाईने उरकतात, काही पूजेची जागा सारवावी तसे करतात. या दोघांपैकी कोण चांगला निघेल हे यावरून सांगता येत नाही. तरीही मी दरवर्षी तसा अंदाज बांधतो.

कॉर्नेलमध्ये हॉकी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खेळली जात होती, पण ती बीबी लेक या लहानशा तलावाच्या गोठलेल्या पाण्यावर. थंडी पडली तर सामना, ऊन पडले तर नाही, अशा अवस्थेत हा संघ किती काळ टिकणार? १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो बंद पडला. १९५७ मध्ये छपराखालचे, कृत्रिम बर्फाचे लायना रिंक उभे राहिले आणि त्याबरोबर संघही पुन्हा उभा राहिला. १९६३ मध्ये नेड हार्कनेस प्रशिक्षक म्हणून आले. त्याआधी १९५४ मध्ये आरपीआय या तंत्रशिक्षण संस्थेच्या संघाला त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. त्यांनी कॅनडातून, विशेषतः ऑन्टारिओमधून, अभ्यासात आणि खेळात सारखीच गती असलेली मुले आणली. त्यांतील एक होता केन ड्रायडन.

ड्रायडन यांच्याविषयी बोलताना आमच्याकडचे वयस्कर चाहते आजही आवाज खाली आणतात. उंच अंगकाठीचा हा मुलगा इतिहास शिकत होता आणि पक दूर गेला की स्टिकच्या टोकावर दोन्ही हात ठेवून, त्यावर भार देऊन, सामना पाहणाऱ्या प्रेक्षकासारखा उभा राहत असे. १९६७ मध्ये कॉर्नेलने पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तेव्हा गोलमध्ये तोच होता. तीन हंगामांत त्याने ७६ सामने जिंकले आणि केवळ चार गमावले. त्या चारांपैकी शेवटचा १९६९ चा अंतिम सामना होता. डेन्व्हरने तो ४-३ असा जिंकला. पुढे मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाकडून ड्रायडन यांनी सहा स्टॅन्ले कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीतली सर्वोच्च विजेतेपदे, जिंकली, मॅकगिल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली आणि कॅनडाच्या संसदेतही ते निवडून गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. लायनाच्या छताखाली टांगलेला त्यांचा १ क्रमांक आणि त्याच्या शेजारचा, १९८० च्या दशकात येथे खेळलेल्या जो न्यूएनडाइक या आघाडीच्या खेळाडूचा २५ क्रमांक, हे दोनच क्रमांक कॉर्नेलच्या हॉकीतून निवृत्त केलेले आहेत.

परंतु मला या कथेत जे खरोखर महत्त्वाचे वाटते ते ड्रायडन गेल्यानंतर घडले. इतका मोठा गोलरक्षक पदवी घेऊन निघून गेल्यावर पुढचा हंगाम पडझडीचा असेल असे कोणीही म्हटले असते. त्याच्या जागी ब्रायन क्रॉपर हा अंगाने लहानखुरा गोलरक्षक उभा राहिला, आणि १९६९-७० च्या त्या हंगामात कॉर्नेलने २९ पैकी २९ सामने जिंकले. लेक प्लॅसिड येथील अंतिम सामन्यात क्लार्कसनविरुद्ध बरोबरी असताना डॅन लॉडबोआ या बचावपटूने शेवटच्या सत्रात तीन गोल केले आणि संघ ६-४ असा जिंकला. अमेरिकेच्या अव्वल श्रेणीच्या महाविद्यालयीन पुरुष हॉकीत एकही सामना न गमावता, एकही बरोबरीत न सोडवता राष्ट्रीय विजेता ठरलेला दुसरा संघ आजवर झालेला नाही. कॉर्नेलचेही ते शेवटचे राष्ट्रीय विजेतेपद आहे.

महाविद्यालयीन संघाच्या मागे जाण्यातला पेच येथेच आहे. व्यावसायिक संघाचा चाहता एखाद्या खेळाडूबरोबर पंधरा वर्षे काढू शकतो. त्याच्याबरोबर तो म्हातारा होतो म्हटले तरी चालेल. आमच्या वाट्याला खेळाडू चार वर्षे येतो, चांगला असला तर बरेचदा त्याहूनही कमी. न्यूएनडाइक तीन हंगाम खेळून गेला. पहिल्या वर्षी मुलगा अंगापिंडाने कच्चा असतो, दुसऱ्या वर्षी त्याला चौथ्या फळीतून वर घेतात, तिसऱ्या वर्षी तो कोपऱ्यातला पक कसा काढतो हे आपल्याला आधीच कळू लागते, आणि चौथ्या वर्षाच्या मार्चमध्ये, जेव्हा आपण त्याच्या डोक्यात काय चालले आहे हे पाठीवरून ओळखू शकतो, तेव्हा तो हेल्मेट काढून बर्फाभोवती एक फेरी मारतो आणि नोकरीला लागतो. मग मी नेमका कोणाचा चाहता आहे, असा प्रश्न मला कोणी विचारला तर त्याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की खेळाडू बदलत राहतात आणि मी एका सवयीचा चाहता आहे. ती सवय जपण्याचे काम बाकांवर बसणारे करतात.

या बाकांवर जे दिसते ते बाहेरच्याला विचित्र वाटेल. पाहुण्या संघाच्या खेळाडूंची नावे पुकारली जात असताना विद्यार्थ्यांची अख्खी बाजू वर्तमानपत्रे उघडून वाचत असल्याचे दाखवते, कारण ती नावे ऐकण्यात आम्हाला काडीचाही रस नाही हे पाहुण्यांना कळायला हवे. राष्ट्रगीतात लाल रंगाचा उल्लेख येतो तेथे सर्वजण तो एकच शब्द ओरडतात, कारण लाल हा कॉर्नेलचा रंग आहे. गायीच्या गळ्यातली घंटा ठरावीक ठेक्यात वाजते आणि त्या ठेक्यावर टाळ्या पडतात. आमचा गोल झाला की समोरच्या गोलरक्षकाकडे बोटे रोखून त्याला चाळणी म्हटले जाते. हे सारे कोणी लिहून दिलेले नाही. नवा विद्यार्थी पहिल्या सामन्यात गोंधळतो, तिसऱ्या सामन्यात शेजाऱ्याचे पाहून ओरडतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला शिकवतो. विद्यार्थीही चार वर्षांत जातात, म्हणजे खेळाडूंइतकेच तेही पाहुणे आहेत, तरी घंटेचा ठेका चुकत नाही याचे मला अजून नवल वाटते.

हार्वर्डविरुद्धच्या सामन्याचे मासे हा स्वतंत्र प्रकार आहे. १९७० च्या दशकात हार्वर्डच्या प्रेक्षकांनी कॉर्नेलच्या शेतकी महाविद्यालयावरून कोंबडी फेकून आमच्या खेळाडूंना चिडवले होते. त्याला उत्तर म्हणून, बोस्टनच्या समुद्राची आठवण करून देत, आम्ही मासे आणले. तेव्हापासून हार्वर्डचा संघ लायनाच्या बर्फावर उतरला की दोन्ही बाजूंनी मासे पडतात, आणि मग फावडी घेतलेले कर्मचारी ते गोळा करतात. सामना सुरू झाल्यावर कोणी काही फेकले तर शिक्षा आमच्याच संघाला होते, म्हणून ध्वनिक्षेपकावरून तंबी दिली जाते आणि ती बहुधा पाळलीही जाते. मला स्वतःला या प्रथेचे फारसे कौतुक नाही. वास तिसऱ्या सत्रापर्यंत टिकतो आणि विनोद केव्हाच जुना झाला आहे. पण ती बंद पडली तर मी तक्रार करणाऱ्यांत असेन, हेही खरे.

अशाच एका हार्वर्ड सामन्याआधी एका बचावपटूने स्वतःच्या डोक्यावरच्या हेल्मेटवर स्टिक आपटून तिचे दोन तुकडे केले होते. तो माइक शेफर. १९९५ मध्ये ते येथे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२५ पर्यंत राहिले. त्यांच्या संघांची एकच शिकवण होती, ती म्हणजे आधी गोल होऊ देऊ नका. हे खेळणे देखणे नसते. पक आपल्या भागातून बाहेर काढा, फळकुटांजवळ अंग घाला, समोरच्याला कंटाळा येईपर्यंत वाट पाहा. दूरचित्रवाणीवर असा सामना पाहणारा झोपी जाईल, पण बाकावर बसून पाहिला तर त्यातली शिस्त दिसते. या शिस्तीवर विभागीय संघटनेची, म्हणजे ईसीएसीची, विजेतेपदे अनेकदा आली. २००३ मध्ये संघ राष्ट्रीय उपांत्य फेरीत, म्हणजे फ्रोझन फोरमध्ये, पोहोचला आणि न्यू हॅम्पशायरकडून ३-२ असा हरला. त्यानंतर तेथे जाणे जमलेले नाही.

२००६ च्या मार्चमध्ये, ग्रीन बे येथे, विस्कॉन्सिनविरुद्ध तीन सत्रे एकही गोल झाला नाही. बाद फेरीत गोल होईपर्यंत वीस वीस मिनिटांची जादा सत्रे खेळवली जातात. पहिले गेले, दुसरे गेले. दोन्ही गोलरक्षक, त्यांचा ब्रायन एलियट आणि आमचा डेव्हिड मॅकी, काहीही आत येऊ देत नव्हते, आणि खेळाडू बदलीसाठी बाकाकडे जाताना स्केटिंग न करता नुसते घसरत होते. तिसऱ्या जादा सत्रात विस्कॉन्सिनचा गोल झाला. १-० हा धावफलक एखाद्या सपक दुपारचा वाटतो. पुढे विस्कॉन्सिनने त्या वर्षीचे विजेतेपद मिळवले, आणि आमच्यातले काही जण अजूनही त्याचा अर्थ आपण दुसरे होतो असा लावतात. हा हिशेब मला मान्य नाही, पण तो मांडणाऱ्याला मी अडवतही नाही.

महिला संघाबद्दल कमी बोलले जाते, आणि ही आम्हा जुन्या प्रेक्षकांची ठळक उणीव आहे. त्याच बर्फावर त्याही खेळतात. २०१० च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात मिनेसोटा-डुलुथविरुद्ध त्या तिसऱ्याच जादा सत्रात ३-२ अशा हरल्या. येथून गेलेली ब्रियान जेनर २०२२ च्या ऑलिंपिकमध्ये स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. मार्च २०२० मध्ये पुरुष आणि महिला हे दोन्ही संघ एकाच वेळी देशाच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी होते. त्याच आठवड्यात महासाथीमुळे हंगाम रद्द झाला. पुढच्या हिवाळ्यात आयव्ही लीगने, म्हणजे कॉर्नेल आणि हार्वर्ड ज्यात आहेत त्या आठ जुन्या विद्यापीठांच्या गटाने, सामनेच खेळवले नाहीत, म्हणजे काही मुलांच्या चारांपैकी एक पूर्ण वर्ष कोरे गेले.

अलीकडची तीन वर्षे सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२३ मध्ये आदल्या वर्षीच्या विजेत्या डेन्व्हरला २-० असे हरवून संघ फ्रोझन फोरपासून एका विजयावर आला आणि बोस्टन विद्यापीठाकडून २-१ असा हरला. २०२४ मध्ये मेनला हरवले आणि डेन्व्हरकडून २-१ असा पराभव झाला. २०२५ मध्ये टोलीडो येथे मिशिगन स्टेटवर ४-३ अशी मात केली आणि पुन्हा बोस्टन विद्यापीठानेच जादा सत्रात ३-२ असे थांबवले. तिन्ही वेळा अंतर एका गोलाचे होते आणि तिन्ही वेळा गोलमध्ये इयन शेन होता. टोलीडोच्या त्या सामन्याबरोबर शेनचे महाविद्यालयीन खेळणे संपले आणि शेफर यांची कारकीर्दही. आता प्रशिक्षकपदी केसी जोन्स आहेत. तेही येथेच खेळलेले.

आता नियमही बदलले आहेत. पूर्वी कॅनडाच्या मेजर ज्युनिअर, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वरच्या श्रेणीच्या, संघांत खेळलेल्या मुलाला व्यावसायिक मानून महाविद्यालयीन हॉकीची दारे बंद असत. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ती मुले येऊ लागली. इतर विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. आयव्ही लीगने त्या व्यवस्थेत न जाण्याचे ठरवले, आणि तेथे खेळासाठीची शिष्यवृत्ती आजही नाही. आर्थिक मदत मिळते ती घरच्या परिस्थितीवर. यामुळे आम्ही मागे पडू, असे माझ्या ओळीतले बरेच जण म्हणतात. मला तसे वाटत नाही, कारण चार वर्षे एकाच ठिकाणी राहून पदवी घेऊ इच्छिणारा मुलगा अजून दुर्मीळ झालेला नाही. दरवर्षी संघ बदलण्याची सोय झाल्यापासून तर असा मुलगा अधिकच मोलाचा ठरला आहे.

सध्याचा वाद मात्र याहून लहान आणि याहून जिव्हाळ्याचा आहे. नव्या गोलरक्षकाला स्थिर व्हायला निदान नाताळच्या सुट्टीपर्यंत वेळ दिला पाहिजे आणि तोवर त्याच्याविषयी कोणीही मत देऊ नये, असे माझे म्हणणे आहे. माझ्या डावीकडच्या गृहस्थांचे मत पहिल्या शुक्रवारी, दुसऱ्या सत्रातच तयार झाले होते.